तिसरी पट्टी

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं न विचारताच एल्सेबेथचा उजवा हात आपल्या हातात घेतला, त्याच्या पाठीवर गार पांढरा ठिपका ठेवला आणि अंगठ्यानं तो बोटांच्या पेरांपर्यंत पसरवून टाकला. एल्सेबेथ खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आली होती. "अगं बाई, केवढे फुटलेत हात!" मुलगी म्हणाली. "हे नवीन आलंय आमच्याकडे. दोन दिवस लावून बघा, लोण्यासारखे होतील." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत एल्सेबेथनं हात असा ओढून घेतला की गोळ्यांची डबी फळीवरून उडून खाली पडली. मुलगी घाबरली. "ॲलर्जी आहे का तुम्हाला? मी आधी विचारायला हवं होतं." "नाही, ॲलर्जी नाही." "मग?" "मी लावत नाही," एल्सेबेथ म्हणाली. एखादी बाई मी दारू घेत नाही म्हणते तसं, हळू आणि ठाम. मुलीनं वाकून डबी उचलली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते एल्सेबेथला नवीन नव्हतं. मिशनघरात प्रार्थनेला येणाऱ्या बायकाही रविवारी तिच्या हातांकडे अशाच बघत. त्यांना त्यात साधेपणा दिसे, देहाचे लाड न करण्याचा नेम दिसे. कष्टाचे हात आहेत हो, असं कुणीतरी एकदा तिच्या देखत म्हणालंही होतं, आणि तिनं ते खोडून काढलं नव्हतं.

बाहेर फेब्रुवारीतलं कोरडं ऊन होतं आणि फ्योर्डच्या खाडीवरून वारा येत होता. ती तो हात अंगापासून दूर धरून चालू लागली. कोटाला लावला नाही, पिशवीला लावला नाही. बसमध्ये दांडा डाव्या हातानं धरला आणि उतरायचं बटण कोपरानं दाबलं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लागलंय का हाताला?" तिनं नुसती मान हलवली. काय सांगणार? चाळीस वर्षांची सवय होती. असा माखलेला हात कशालाही लावायचा नसतो, कारण तो जिथे लागेल तिथे पुढे काही धरत नाही. ती काम करायची त्या गोंद तपासायच्या प्रयोगशाळेच्या दारावर तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली पाटी होती: हाताला मलम लावून आत येऊ नये. नव्या माणसांना गंमत वाटे. सुरी, आग, ॲसिटोन, पन्नास हजार न्यूटननं ओढणारं मशीन, आणि पाटी कशाची, तर मलमाची! मग ती त्यांना शांतपणे सांगायची, की मलमात सिलिकोन असतं, ते साबणानं जात नाही, हातमोजा घालताना बोटावरून मोज्याला लागतं, मोज्यावरून धातूला लागतं, आणि जिथे त्याचा ओझरता स्पर्श झाला तिथे जगातला कुठलाही गोंद चिकटत नाही. डोळ्याला काहीसुद्धा दिसत नाही. मुलं वहीत लिहून घेत. त्या पाटीची तारीख मात्र कुणी कधी विचारली नाही. त्याआधी तिथे छापील सूचनांचा एक कागद होता, त्यात हे अकराव्या ओळीत होतं. ठळक पाटी तिनं लावली ती त्या हिवाळ्यानंतर, मार्च महिन्यात.

घरी आल्यावर तिनं हात तीनदा धुतला. मग खिडकीशी बसून तो उजेडात धरला. कातडी मऊ झाली होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा पेरांवरच्या चिरा मिटल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्या मऊपणाबरोबर तो वासही आला, दुधासारखा, जरासा गोडसर. त्या मागोमाग आईचा हात आला. आईचा डावा हात शेवटच्या हिवाळ्यात उघडतच नसे. तरुणपणी तिनं बंदरावर वर्षानुवर्षं हेरिंग मासे साफ केले होते. मीठ आणि थंडीनं त्या हातांच्या ज्या भेगा पडल्या होत्या त्या म्हातारपणीही भरल्या नव्हत्या. एल्सेबेथ सकाळी सहाला मागच्या खोलीत जाई, पलंगाच्या कडेला बसे आणि मिटलेलं एकेक बोट सोडवून त्याला मलम चोळत जाई. आई डोळे मिटून प्रभूची प्रार्थना पुटपुटे. करंगळीपासून सुरू व्हायचं आणि अंगठ्याशी 'आमेन' यायचं, इतका तो हिशेब जमला होता. नंतर एल्सेबेथ स्वयंपाकघरात जाऊन हात गरम पाण्यानं, मग शाळेतून आणलेल्या खास द्रवानं, मग पुन्हा पाण्यानं धुई. प्रयोगशाळेला तिथली माणसं 'शाळा'च म्हणत. त्या मंगळवारी आईला सकाळपासून धाप लागली होती. प्रार्थना मध्येच तुटली, 'आमच्या अपराधांची क्षमा कर' इथे. मधल्या बोटापाशी. आईनं तिची बोटं घट्ट धरली आणि सोडलीच नाहीत. शेजारीण आली तेव्हा एल्सेबेथनं ती बोटं एकेक करून सोडवली, नळाखाली हात नुसते ओले केले आणि बस पकडायला धावली. तिला वाटलं होतं, धुतलेत.

त्या दिवशी बसच्या छपराचे पत्रे जोडायच्या गोंदाच्या पट्ट्या करायच्या होत्या. काम साधं. ॲल्युमिनियमच्या इंचभर रुंद पट्ट्या घ्यायच्या, एकीचं टोक दुसरीवर अर्धा इंच चढवायचं, मध्ये गोंदाचा पातळ थर, आणि आठवडाभर ठेवून द्यायचं. मग मशीनच्या दोन जबड्यांत दोन टोकं पकडून सावकाश ओढायचं. पट्ट्या एकमेकींवरून सरकू बघतात, गोंद त्यांना सरकू देत नाही, पडद्यावरची रेघ चढत जाते, चढत जाते, आणि एका क्षणी कडाड असा आवाज होतो. त्या आवाजाआधीचा आकडा म्हणजे गोंदाची ताकद. दर वेळी पाच जोड्या. पण एल्सेबेथचा खरा विश्वास आकड्यावर नव्हता, तुटलेल्या तोंडांवर होता. दोन्ही तोंडांवर करडा, खरबरीत गोंद उरला असेल तर ते चांगलं तुटणं, गोंद स्वतः फाटेपर्यंत लढला. आणि एक तोंड आरशासारखं लखलखीत निघालं तर ते वाईट. म्हणजे गोंदानं धरलंच नव्हतं, तो नुसता टेकून बसला होता. नव्या माणसांना हे उलटं वाटे, कारण स्वच्छ ते चांगलं असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. तीही मिशनघरात तेच ऐकत वाढली होती. पट्ट्या घासून, ॲसिटोननं पुसून तयार करायचं काम स्वेनिंगचं होतं, गोंद लावून जोडायचं आणि ओढायचं तिचं. स्वेनिंग काम करता करता शीळ घालायचा. तो उंच आणि सडपातळ होता, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि त्याच्या तोंडातून स्तुती कधी निघाली तर ती 'काही वाईट नाही' एवढीच. पुसलेल्या पट्ट्यांचा ट्रे तिच्यासमोर ठेवताना तो रोज म्हणे, "घे बाई, तुझ्या देवानंसुद्धा बोट लावायला घाबरावं इतक्या स्वच्छ." ती रोज म्हणे, "देवाचं नाव घेऊन थट्टा नको, स्वेनिंग." आणि रोज तिला हसू येई.

आई बुधवारी दुपारी गेली. सोमवारी तिला माती दिली. मंगळवारी एल्सेबेथ मशीनसमोर उभी होती. टॉर्किल, तेव्हाचा प्रमुख, म्हणाला होता, "अगं, घरी जा, आठवडाभर येऊ नकोस." पण घरी मागची खोली होती. पहिली जोडी अठ्ठावीसला तुटली. दुसरी अठ्ठावीसच्या थोडी वर. तिसरी नऊ पूर्णांक चार. कडाड आवाजसुद्धा झाला नाही. नुसतं चट्, जसं कुणी ओठ उघडावेत. तिनं जबड्यातून पट्टी काढली आणि उजेडात धरली. गोंद सगळा एका बाजूला, दुसरी बाजू लखलखीत, आणि त्या लखलखाटाच्या कडेला एक लांबट, गोलसर आकार होता. बोटाच्या पेराएवढा. तिला त्याच क्षणी कळलं. पुढे कितीदा तिनं स्वतःला सांगितलं की तेव्हा खात्री नव्हती, दुःखात होते, डोकं जागेवर नव्हतं. खोटं. तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळल्या क्षणी तिनं पट्टी पालथी करून ठेवली होती. चौथी आणि पाचवी पुन्हा अठ्ठावीस.

टॉर्किलनं आकडे पाहिले, तिसरी जोडी पाहिली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "स्वेनिंग! लख्ख निघालीय रे. कुठे लक्ष होतं तुझं? शुक्रवारी केक!" सगळे हसले. शाळेतली ही जुनी रीत होती. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं शुक्रवारी साडेनऊच्या न्याहारीला केक आणायचा, सगळ्यांसमोर कापायचा, कापताना चूक काय झाली ते एका वाक्यात सांगायचं, आणि बाकीच्यांनी ताटली रिकामी होईपर्यंत त्याची मनसोक्त टिंगल करायची. शेवटचा तुकडा संपला की चूकही संपली. पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. बावीस वर्षांत प्रत्येकानं आणला होता, टॉर्किलनं तर चारदा. एल्सेबेथनं एकदाही नाही. "आमच्या एल्सेबेथकडून केक खायचा तर स्वर्गातच," असं ते म्हणत, आणि ती मान खाली घालून हसे. स्वेनिंगनं पट्टी हातात घेऊन निरखली. "मी तर दोनदा पुसल्या होत्या," तो म्हणाला, मग खांदे उडवले. "असेल बुवा. अस्ताला सांगतो, खोबऱ्याचा कर." अस्ता त्याची बायको. तिचा केक शहरात नावाजलेला होता. खाली मऊ पिवळा आणि वर लोण्यात साखर उकळून, त्यात खोबरं घोळवून भाजलेला तपकिरी थर. शुक्रवारी त्यानं तो नऊ माणसांसमोर कापला आणि म्हणाला, "मी बहुधा पुसायच्या ऐवजी पट्टीला पापा दिला." सगळे पोट धरून हसले. एल्सेबेथच्या ताटलीत त्यानं कडेचा तुकडा वाढला, जिथे खोबरं जास्त असतं. "आईला जाऊन नऊ दिवस झाले ना ग?" तो हळूच म्हणाला. "खा. अंगात काही गोड जाऊ दे." तिनं तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

इथे ती नेहमी थांबे. अठरा वर्षं ती या जागेपर्यंत येई आणि थांबे, कारण इथपर्यंत सांगण्यासारखी एक गोष्ट तयार होती. आईच्या हातावरून शेवटचा फिरलेला आपला हात अहवालात 'दूषित' म्हणून लिहिला जाईल, ते माझ्याच्यानं बघवलं नसतं, अशी. ही गोष्ट खोटी नव्हती. ती देवाला रोज सकाळी सांगे. देवाला सांगणं सोपं होतं, त्याला ते आधीच ठाऊक होतं. त्यात कुठलं गुपित फुटत नव्हतं. पण आज खिडकीशी, हाताला तो वास येत असताना, गोष्टीच्या पाठीमागची दुसरी गोष्टही उभी राहिली, आणि ती फारच लहान होती. तिला केक आणायचा नव्हता. नऊ माणसांसमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं नव्हतं. बावीस वर्षांची लखलखीत बाजू तिला तशीच ठेवायची होती. आई, दुःख, प्रार्थना, हे सगळं त्या एवढ्याशा गोष्टीवर नंतर चढवलेलं होतं.

आणि केकवर संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या सोमवारी गोंद बनवणाऱ्यांचं पत्र आलं, की तिसरी जोडी पाठवा, तिच्यावर काय बसलंय ते आम्ही किरणांखाली तपासून घेतो. पत्र टॉर्किलनं न्याहारीच्या टेबलावर वाचून दाखवलं. तपासलं की सिलिकोन दिसणार होतं, आणि स्वेनिंगच्या बाकावर सिलिकोन कुठेच नव्हतं. त्याच संध्याकाळी, स्वेनिंगनं नमुन्यांच्या कपाटाला कुलूप लावायच्या आधी, तिनं तिसऱ्या जोडीच्या पाकिटातून पट्ट्या काढून कोटाच्या खिशात टाकल्या. पाकीट पुन्हा नीट चिकटवलं. दुसऱ्या दिवशी टॉर्किलनं ते उघडलं आणि उलटं करून टेबलावर झटकलं. काहीच पडलं नाही. कपाटाची किल्ली स्वेनिंगकडे असे. "मी कशाला काढू?" स्वेनिंग म्हणाला. "मी तर केक खाऊ घातलाय." या वेळी कुणी हसलं नाही. चूक झाली तर केक होता. पुरावा नाहीसा करणाऱ्यासाठी शाळेत कुठलीच रीत नव्हती. त्याला कुणी काही बोललं नाही, ओरडलं नाही. फक्त पट्ट्या पुसायला दुसरा माणूस आला, आणि एप्रिलमध्ये स्वेनिंगला मालगोदामात पाठवलं, खोकी मोजायला. निवृत्त होईपर्यंत तेरा वर्षं त्यानं खोकी मोजली. शुक्रवारी न्याहारीला तो येत नसे. अंगणात दिसला तर एल्सेबेथला हात करी. शीळ तिनं पुन्हा ऐकली नाही. त्याच मार्चपासून तिनं हाताला मलम लावणं सोडलं, आणि हात फुटले, आणि थंडीत पाण्यानं झोंबले की तिला बरं वाटू लागलं, जणू रोज थोडं थोडं काही फिटतंय. आज त्या पोरीनं एका अंगठ्यानं ते सगळं पुसलं होतं, आणि खाली बघायला गेलं तर काहीच फिटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोबऱ्याचा केक केला. तिसरी जोडी तिच्या टेबलाच्या खणात, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली होती, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली. पुरावा असाच ठेवायचा असतो, प्लास्टिकमध्ये ठेवला तर बाहेरचं काही चिकटतं. स्वतःविरुद्धचा पुरावा तिनं अठरा वर्षं अगदी नियमानुसार जपला होता. तिनं तो पिशवीत घातला, केकचं खोकं सुतळीनं बांधलं आणि दुपारी पुलापलीकडे गेली.

स्वेनिंगनं दार उघडलं. तो वाकला होता, पण अजून उंचच होता. "एल्सेबेथ? कोण मेलं?" "कुणी नाही." "मग केक कसला? तू केक घेऊन हिंडतेस म्हणजे जगबुडीच म्हणायची. ये. बूट काढू नकोस, फरशी गार आहे." स्वयंपाकघरात एकच खुर्ची वापरातली दिसत होती. दुसरीवर वर्तमानपत्रं होती, ती त्यानं उचलून जमिनीवर ठेवली. अस्ताचा फोटो खिडकीत होता. तिच्या मातीला एल्सेबेथ गेली होती, चार वर्षांमागे, फुलं ठेवून मागच्या रांगेतून परत आली होती. त्यानं कॉफी ओतली. "बोल. पेन्शनीत काय करतेस? आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना?" तिनं कप उचलला नाही. पिशवीतून गुंडाळी काढली, उघडली आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या, लखलखीत बाजू वर.

तो पट्ट्यांवर वाकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नऊ पूर्णांक चार," तो म्हणाला. तिला वाटत आलं होतं की हा आकडा जगात फक्त तिच्याजवळ आहे. तिनं सांगायला सुरुवात केली. मंगळवार, आईची बोटं, नळ, बस. तिचा आवाज मुळातच हळू होता, तो आणखी हळू होत गेला, तेव्हा स्वेनिंग म्हणाला, "मोठ्यानं बोल. मला एका कानानं कमी ऐकू येतं." मग तिला ते सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. पाकिटाचं, किल्लीचं, कोटाच्या खिशाचं. स्वयंपाकघर लहान होतं आणि शब्द भिंतीवर आपटून परत येत होते.

"मलम," तो शेवटी म्हणाला. "आईच्या हाताचं मलम. अगं, तेव्हा सांगितलं असतंस तर आम्ही तुला केकसुद्धा आणू दिला नसता. आम्हीच आणला असता तुझ्यासाठी."

"हो."

"मी गोदामात खोकी दोनदा मोजायचो. एकदा मोजली की वाटायचं, माझ्या हातून काहीतरी निसटलंय. घरी आलो की हात धुवायचो. अस्ता म्हणायची, काय लागलंय त्याला? मी म्हणायचो, मला काय ठाऊक, म्हणून तर धुतोय." तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर चढलंच नाही. "पाकीट गेलं त्या आठवड्यात तिनं मला विचारलं. स्वेनिंग, तू तर नाही ना टाकलंस कुठे? एकदाच विचारलं. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, बरं. त्यानंतर चौदा वर्षं संसार केला आम्ही, काही वाईट नाही झाला. पण तिनं विचारलं होतं. आणि माझ्या नुसत्या नाही म्हणण्यावर तिला भागवावं लागलं. ती गेली तेव्हा तिला नक्की ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही ठाऊक नाही."

एल्सेबेथच्या ओठांवर 'क्षमा' शब्द आला होता. ती तो अठरा वर्षं घोकत होती, आणि आता तो इतका गुळगुळीत झाला होता की धरवेना. ती म्हणाली, "मी केक आणलाय." आपल्या कानाला ते ऐकू आलं आणि तिला मरून जावंसं वाटलं.

स्वेनिंगनं सुतळी सोडली नव्हती. त्यानं खोकं दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर सरकवलं. "हा इथे नाही कापायचा. माझा केक नऊ माणसांसमोर कापला होता. तुला माझ्या स्वयंपाकघरात एकट्यात उरकायचंय होय? ही तर रीत नव्हे." तो उठून खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला. "उद्या शुक्रवार. अजून साडेनऊलाच असते ना न्याहारी?"

शुक्रवारी तो शाळेच्या फाटकाशी तिच्या आधी येऊन उभा होता. दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. अंगात तो कोट होता जो माणसं मातीला जाताना घालतात. आत नऊ नाही, तेरा माणसं होती, आणि त्यांतल्या दोघांनीच स्वेनिंगला ओळखलं. टॉर्किलच्या जागी आता सिग्ने होती, एल्सेबेथनंच शिकवलेली. "अरे वा, माहेरपणाला आलीस!" ती म्हणाली. "आणि केक कशाचा?" एल्सेबेथ बसली नाही. दारावरची तिची पाटी समोरच होती. रीत एका वाक्याची होती, पण तिची तीन झाली. पट्टीला सिलिकोन माझ्या हाताचं लागलं होतं. पाकिटातून पट्टी मी काढली. स्वेनिंगनं दोनदा पुसल्या होत्या, तो खरं बोलत होता. मोठ्यानं बोलली, त्याचा अधू कान तिच्या बाजूला होता. मग तिनं केक कापला. टिंगल करायची असते हे तरुणांना ठाऊक होतं, पण कुणाला काही सुचलं नाही. चमच्यांचे आवाज तेवढे येत राहिले. सिग्नेनं पट्टी उचलली, बोटाच्या आकाराकडे पाहिलं आणि न विचारता शेजारच्या खोलीत घेऊन गेली. सिलिकोन अठरा वर्षांत कुठे जात नाही. वीस मिनिटांनी ती कागद घेऊन आली. वर-खाली जाणारी एक रेघ, तिच्यातल्या दोन शिखरांवर खूण, खाली कारण, तारीख, सही. जुन्या अहवालाला जोडायची दुरुस्ती. एल्सेबेथच्या नावापुढे तिनं 'हातावरचं मलम' असं लिहिलं होतं. 'दूषित' हा शब्दही होता. तो तिला वाचता आला.

"मला एक प्रत दे," स्वेनिंग म्हणाला. "शिक्क्याची."

सिग्नेनं शिक्का मारला. त्यानं कागदाची नीट चौघडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "बारा-दहाची बस आहे कबरस्तानाकडे जायला," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "तिला वाचून दाखवायचंय. चष्म्याशिवाय तिला कधी दिसायचं नाही." एल्सेबेथ कोटाकडे वळली तसा त्यानं हात वर केला. "तू नको. मी एकटा जाईन." दाराशी जाऊन तो थांबला. त्याच्या ताटलीत केक अर्धा उरला होता. "खोबरं करपलंय," तो म्हणाला. "अस्ता कधी करपू द्यायची नाही." आणि गेला.

सगळे आपापल्या कामाला लागले. पलीकडे मशीन सुरू झालं, रेघ चढत असणार. एल्सेबेथनं ताटल्या गोळा केल्या. त्याचा उरलेला तुकडा उचलायला तिचा हात धजेना. मग तिनं तो उचलला, बेसिनपाशी उभ्यानं खाल्ला. खरंच करपला होता. तिनं नळ सोडला आणि चौदा ताटल्या उघड्या हातांनी धुवायला घेतल्या. पेरांवरच्या चिरा पुन्हा उघडल्या होत्या, त्यांत कढत पाणी गेलं. ती नेहमीच्या त्या बरं वाटण्याची वाट बघत राहिली, पाण्याखाली हात तसेच धरून. ते आलं नाही. हात झोंबत होते. नुसते झोंबत होते.